सटवाईचा लेख आणि भुंवईचें हाड

मूल जन्मल्यावर पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येते व त्याच्या कपाळावर त्याचें सारें आयुष्य लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. त्या रात्रीं बाळंतिणीच्या खोलींत पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. सकाळीं कागद कोरा तो कोराच असतो; पण त्यानें कोणाची निराशा होत नाहीं, कारण देवीचा लेख कागदावर उमटावयाचा नसून हाडावर उमटावयाचा असतो. मराठी भाषेनेंहि कपाळास दैवाचें दप्तरच मानलें आहे. कोणाचें कपाळ उघडतें, कोणाचें फुटतें, कोणी तें बडवून घेतो, आणि एखादा अभागी तर जन्मतःच करंट्या कपाळाचा असतो.

सुशिक्षित मनुष्य या समजुतीस हंसतो, आणि त्यानें हंसावें हें योग्यच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील नामांकित पंडितांनीं जवळजवळ हाच उद्योग शास्त्राच्या नांवानें आरंभिला होता, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानांत नसते. डोळ्यांच्या वर जें हाड असतें, त्याच्या उंचवट्यावरून मनुष्याची बुद्धि, त्याची नीति व त्याच्या वंशाचा दर्जा हीं वाचतां येतात, असें त्यांतले पुष्कळजण मानीत. सटवाईच्या लेखाचा आधार घेऊन कोणा न्यायाधीशानें कोणास शिक्षा दिल्याचें ऐकिवांत नाहीं. या दुसऱ्या लेखाविषयीं तितक्या खात्रीनें बोलतां येत नाहीं. अशा वाचनाची खरीखोटी परीक्षा ज्यांनीं केली त्यांत एक मराठी विदुषी होती; आणि आपल्या देशांतील अतिप्राचीन मनुष्याचें म्हणून जें एकच कपाळ आजवर सांपडलें आहे, त्याचा अर्थ लावण्याचें काम अद्यापि संपलेलें नाहीं. म्हणून या हाडाची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या हाडाचीच ओळख करून घेऊं. वाचकानें आपलें बोट नाकाच्या मुळाशीं ठेवून भुंवईवरून कानशिलाकडे हळूहळू न्यावें. दोन भुंवयांच्या मध्यें व त्याच्या लगत थोडासा फुगवटा बोटास लागेल. पुढें तो विरत जाईल, आणि बाहेरच्या टोकाशीं डोळ्याच्या खोबणीची नुसती कडा लागेल. आंतला फुगवटा व बाहेरची कडा हे आपणांमध्यें दोन निरनिराळे भाग असतात. प्राचीन मानवाच्या कवटींत असे दोन भाग नसतात. एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत, शेताच्या बांधाप्रमाणें, एकसंध जाड हाड आडवें गेलेलें असतें. आणि बांधाच्या मागें जसा चर असावा तशी त्याच्या मागें एक घळ असून, तेथून कपाळ उभें न चढतां मागें कलतें. शास्त्रीय परिभाषेंतील शब्द अवजड आहेत. आपण यास बांधच म्हणूं.

हा बांध मनुष्य जन्मास येतांना घेऊन येत नाहीं. १९२४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत टाउंग येथें सांपडलेल्या सुप्रसिद्ध बालकाच्या कवटीचें कपाळ गुळगुळीत आहे; नियांडर्थल अर्भकांचींहि तशींच. वयाबरोबर चेहरा पुढें वाढूं लागतो तसा बांध भरत जातो. आजच्या माणसांतहि तो स्त्रियांपेक्षां पुरुषांत ठळक असतो, आणि म्हणूनच एखादी बेवारशी कवटी वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीस आली, म्हणजे ती पुरुषाची कीं स्त्रीची हें ठरवितांना कानामागच्या हाडाबरोबर भुंवईचें हाडहि पाहतात. तेवढ्यावरून निकाल मात्र कोणी शहाणा देत नाहीं. कारण एकाच घरांतल्या दोन सख्ख्या भावांतहि या बाबतींत केवढा फरक असतो! मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींत बिघाड होऊन वाढीचा रस अतोनात पाझरूं लागला, तर प्रौढ मनुष्याचेंहि जबड्याचें व भुंवईचें हाड वाढत जातें, आणि जुन्या छायाचित्रांतला गृहस्थ तो हाच का असा प्रश्न पडतो. त्या गृहस्थाची बुद्धि मात्र होती तशीच असते.

वानरजातींकडे वळावें तर कोडें आणखीच वाढतें. गोरिला व चिंपांझी यांचा बांध भरदार असतो. परंतु ओरांगउटांग, ज्याचा जबडा कांहीं लहान नव्हे, त्याच्या डोळ्यांवर बांध जवळजवळ नाहींच. बांध हें रानटीपणाचें माप धरलें, तर ओरांगउटांगास चिंपांझीहून सुसंस्कृत म्हणावें लागेल.

तरीहि तें माप धरलें गेलें. १८५६ सालीं जर्मनींत ड्युसेलडॉर्फ शहराजवळ नियांडर नांवाच्या खोऱ्यांत चुनखडी काढणाऱ्या मजुरांस एका गुहेंत कांहीं हाडें मिळालीं. अस्वलाचीं असावींत असें प्रथम वाटलें. पण फुलरॉट नांवाच्या एका शिक्षकानें तीं मनुष्याचीं, आणि तींहि अतिप्राचीन मनुष्याचीं आहेत हें ओळखलें. त्यांतील कवटीच्या वरच्या भागास डोळ्यांवर असा बांध होता कीं, तो पाहून पंडितांची मतिच गुंग झाली. बॉनच्या मायर नांवाच्या शारीरशास्त्रज्ञानें तर्क लढविला कीं, हा नेपोलियनवर चाल करून आलेल्या रशियन फौजेंतील एखादा आजारी कोसॅक स्वार असावा. जन्म घोड्यावर गेल्यामुळें त्याच्या मांड्यांचीं हाडें वांकलीं असावींत. दुखण्याच्या वेदनांनीं कपाळ सदैव आक्रसलेलें राहून भुंवईवर हाड चढलें, असेंहि त्या काळीं सुचविण्यांत आलें. हक्स्लेनें या कोसॅकाची यथेच्छ थट्टा केली. परंतु मायरच्या चुकीपेक्षां १८६४ सालचें एक मत आम्हांस अधिक विचार करण्यासारखें वाटतें. आयर्लंडांतील प्राध्यापक विल्यम किंग यांनीं या मनुष्यास निराळी जाति मानून नियांडर्थल मानव हें नांव दिलें, आणि तें देतांना असें प्रतिपादिलें कीं, अशा कवटींत वसलेले विचार व वासना पशूंच्या पातळीवर कधीं गेल्याच नसतील. मनुष्य शेंकडों शतकांपूर्वीं मेलेला, हातीं असलेली कवटी अर्धी, आणि तिच्यांतले विचार कोणते होते तें प्राध्यापकमहाशयांस ठाऊक! सटवाई निदान लिहून ठेवते. येथें लिहिलेलें कांहींच नसतां वाचन चालू होतें.

पुढील शोधांनीं या वाचनाची काय गति केली तें थोडक्यांत सांगतों. नियांडर्थल मानवाचा मेंदू आकारानें आपल्यापेक्षां लहान नव्हता; कित्येक कवट्यांत तो सरासरीनें आपल्याहून मोठाच भरतो. इराकमधील शानीदार गुहेंत १९५७ सालीं राल्फ सोलेकी यांस एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या डोळ्यांवर जाड बांध आहे. त्याच्या डोळ्याशेजारचें हाड मार लागून चेपलें होतें व त्या डोळ्यानें त्याला बहुधा दिसत नसावें. उजवा हात लुळा होऊन कोपराच्या वरून तुटलेला होता. आणि एवढें होऊनहि तो पुढें कित्येक वर्षें जगला, हें भरून आलेल्या हाडांवरून दिसतें. एकाक्ष, एकहाती मनुष्य हिमयुगाच्या काळांत एकटा जगत नाहीं. त्याला कोणी तरी खाऊं घातलें असलें पाहिजे, कोणी तरी वाटेंत त्याच्यासाठीं थांबलें असलें पाहिजे. पशूंच्या पातळीवर न गेलेले विचार ते हेच असावेत! आणि २०१० सालीं नियांडर्थलांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य वाचून झालें, तेव्हां आफ्रिकेबाहेरच्या सर्व माणसांत, म्हणजे आपणांतहि, त्यांचा शेंकडा दोनच्या आसपास अंश आहे असें निघालें. ज्यांस आपण पशु म्हटलें ते आपले पूर्वज निघाले.

कपाळ मोठें असलें म्हणजे मनुष्य मोठा, या समजुतीचा सर्वांत विनोदी परिणाम मात्र इंग्लंडांत घडला. १९१२ सालीं ससेक्स परगण्यांतील पिल्टडाउन येथें एक कवटी सांपडल्याचें जाहीर झालें. जबडा वानराचा, पण कपाळ कसें? उभें, गुळगुळीत, बांधाचें नांव नाहीं. जर्मनांचा पूर्वज जाड भुंवईचा असला तरी इंग्रजांचा पूर्वज कपाळानें तेव्हांच सभ्य गृहस्थ होता, ही कल्पना कित्येकांस गोड लागली. त्या कवटीवर चाळीस वर्षें ग्रंथ निघाले. १९५३ सालीं परीक्षा झाली, तेव्हां जबडा ओरांगउटांगाचा, दांत कानशीनें घांसलेले आणि सर्व हाडें रंगविलेलीं असें उघड झालें. गुळगुळीत कपाळाविषयीं कोणास संशय आला नाहीं, कारण तें सर्वांस हवेंच होतें.

येथवरची गोष्ट मेलेल्यांची झाली. जिवंत माणसांच्या कपाळांकडे हें वाचन वळलें तेव्हां त्याचें स्वरूप पालटलें. इटालीचा डॉक्टर चेझारे लोंब्रोसो यानें १८७६ सालीं जन्मजात गुन्हेगाराविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हेगार हा पूर्वयुगांतील रानटी मनुष्याचा पुनर्जन्मच होय, आणि त्याच्या शरीरावर त्याच्या खुणा असतात, असा त्याचा सिद्धांत. त्या खुणांच्या यादींत मोठा जबडा, विचित्र कान यांबरोबर पुढें आलेलें भुंवईचें हाडहि होतें. लोंब्रोसो न्यायालयांतून तज्ज्ञ म्हणून साक्षी देत असे. चार्ल्स गोरिंग या इंग्रज डॉक्टरानें तुरुंगांतील सुमारें तीन हजार कैद्यांचीं मापें घेऊन १९१३ सालीं असा जन्मजात गुन्हेगाराचा सांचा कोठेंच सांपडत नाहीं असें दाखविलें, तरी हें वेड लवकर ओसरलें नाहीं.

आपल्या देशांत या शास्त्राची वाट पाहण्याचीहि कोणास गरज पडली नाहीं. लोंब्रोसोच्या ग्रंथाच्या पांच वर्षें आधींच, १८७१ सालीं, येथील सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कपाळ मोजण्याचा त्रास त्यांत नव्हता. कोणत्या आईच्या पोटीं जन्मला एवढें पुरे होतें. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा जमातींच्या लोकांस हजेरीला बांधून टाकण्यांत आलें. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून अगदीं जवळ, सोलापुरांत, त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागास अद्यापि सेटलमेंट असेंच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला. त्यानंतर पस्तीस वर्षांनीं शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन प्रसिद्ध झालें, तें ज्यांनीं वाचलें असेल त्यांस कायदा जाऊनहि लोकांच्या नजरेंतलें कुंपण कसें राहतें हें निराळें सांगावयास नको. चेहरा पाहूनच ओळखूं येतात हीं माणसें, असें वाक्य चांगल्या शिकलेल्या घरांतून अजूनहि ऐकूं येतें. तें बोलणारास लोंब्रोसोचें नांवहि ठाऊक नसतें.

याच काळांत रिस्ले यांनीं हिंदुस्थानांतील जातींचीं नाकें मोजून जातीची उंची व नाकाची रुंदी यांचें व्यस्त प्रमाण मांडलें होतें. त्याचा विस्तार येथें नको. आपणांस जावयाचें आहे बर्लिनला.

इरावतीबाई कर्वे या आपणां मराठी वाचकांस ‘युगान्त’ व ललितलेख यांच्या लेखिका म्हणून परिचित आहेत. पण त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली ती कवट्या मोजून. १९०५ सालीं ब्रह्मदेशांत जन्मलेल्या, पुण्यास हुजूरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेल्या इरावतीबाई मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं एम्. ए. झाल्या व १९२८ च्या सुमारास जर्मनीस गेल्या. तेथें मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजा यांच्या अभ्यासासाठीं नुकत्याच निघालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक अयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर यांची धारणा अशी कीं, युरोपीयांची कवटी डाव्याउजव्या बाजूंस विषम असते, इतर वंशांची तितकी नसते, आणि ही विषमता श्रेष्ठ बुद्धीची खूण होय. ही धारणा कवट्यांवर ताडून पाहण्याचें काम या पंचविशीच्या आंतबाहेरच्या मराठी मुलीकडे आलें. १४९ कवट्या तिनें मोजल्या. त्यांत युरोपीयांच्या होत्या, तशा वसाहतींतून आणलेल्याहि होत्या. विषमता सर्वच वंशांत आढळली. वंशावंशांत तिच्यावरून भेद करतां येत नाहीं, असा निष्कर्ष तिनें प्रबंधांत नमूद केला आणि १९३० सालीं पदवी घेतली.

इरावतीबाईंनीं मोजिली ती कवटीची विषमता. भुंवईचा बांध हा त्यांचा विषय नव्हता. परंतु प्रश्न तोच होता: हाडाच्या घडणीवरून बुद्धीची प्रतवारी लागते काय? तो प्रश्न ज्यांच्या आवडीचा, त्यांच्याच घरांत बसून, त्यांच्याच कर्कटकांनीं मोजून, नाहीं म्हणून सांगणें ही साधी गोष्ट नव्हे. पुढें नाझी राजवट आली व हीच संस्था तिच्या वंशविषयक धोरणाची आधारस्तंभ झाली, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका नकाराचें वजन कळतें. इरावतीबाईंनीं मोजण्याचें काम त्यानंतरहि टाकलें नाहीं. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजांत होत्या, डॉ. सांकळिया यांच्याबरोबर गुजराथेंतील लांघणज येथें त्यांनीं प्राचीन सांगाड्यांचा शोध केला. महाराष्ट्रांतील जातींचीं मापें त्या वर्षानुवर्षें घेत राहिल्या. मापाचा त्यांस तिटकारा नव्हता. मापांत नसलेलें त्याच्या तोंडीं घालणें त्यांस मान्य नव्हतें.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. महाराष्ट्रांत अश्मयुगीन मनुष्य वावरत होता याविषयीं शंका नाहीं. नेवाशाजवळ चिरकी येथें गुड्रुन कॉर्व्हिनस यांनीं १९६६ पासून केलेल्या उत्खननांत दगडी हातकुऱ्हाडी विपुल निघाल्या. भीमेपलीकडे कर्नाटकांतील इसामपूर येथें डेक्कन कॉलेजचे पद्दय्या यांस मिळालेलीं हत्यारें बारा लक्ष वर्षांच्या आसपासचीं ठरलीं आहेत. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून कळंब तालुक्याजवळून मांजरा नदी वाहते. तिच्या खोऱ्यांतील वाळू-गोट्यांच्या थरांत हत्ती, रानबैल, पाणघोडे यांचीं दगड झालेलीं हाडें मिळतात. डेक्कन कॉलेजचे विजय साठे यांनीं त्यांचा बराच अभ्यास केला आहे. जेथें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात तेथें एके काळीं पाणघोडे डुंबत होते, ही कल्पना आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडते. पण हत्यारें सांपडलीं, शिकारहि सांपडली, शिकारी मात्र सांपडत नाहीं. नेवासें व इनामगांव येथील दफनांत माणसें मिळालीं, पण तीं तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं, म्हणजे सर्वथा आपल्यासारखीं. त्यांतहि इनामगांवीं बहुसंख्य दफनें घरांतल्या जमिनीखालीं रांजणांत पुरलेल्या बालकांचीं, आणि बालकांच्या कपाळास बांध नसतो हें वर आलेंच आहे.

अशा स्थितींत ५ डिसेंबर १९८२ रोजीं भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांस होशंगाबादच्या (आतां नर्मदापुरम्) वरच्या अंगास, नर्मदेच्या उत्तर तीरावर हथनोरा गांवापाशीं, गोट्यांच्या घट्ट झालेल्या थरांत एक कवटी आढळली. कवटी म्हणजे तिचा वरचा भाग; उजवी बाजू बरीचशी पूर्ण, डावीचा तुकडा. खालचा चेहरा नाहीं, जबडा नाहीं, एक दांतहि नाहीं. पण उजव्या डोळ्यावरचा बांध शाबूत होता, आणि तो चांगला जाड होता. त्याच थरांत हत्ती व गुरें यांचीं हाडें आणि हातकुऱ्हाडी होत्या. भारतांत इतक्या जुन्या मनुष्याची दुसरी कवटी आजतागायत मिळालेली नाहीं.

जाड बांध व जाड हाडें पाहून सोनकिया यांनीं ती जावा-पेकिंगच्या मानवांच्या जातींत, म्हणजे होमो इरेक्टसमध्यें घातली व नर्मदेवरून तिला उपनांव दिलें. फ्रान्सांतील विदुषी मारी-आंत्वानेत द लुमले यांनीं १९८५ सालीं त्यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासांत ती त्याच जातीची, पण प्रगत अवस्थेंतील ठरली. नंतर केनेथ केनेडी यांनीं (नेवाशाच्या सांगाड्यांचा अभ्यास इरावतीबाईंचे सहकारी मल्होत्रा यांच्याबरोबर करणारे ते हेच) सोनकिया यांच्यासह तिची पुन्हां तपासणी करून १९९१ सालीं निराळें मत दिलें: मेंदूची जागा ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर, कवटीचा माथा उंच, बाजू भरलेल्या, ही आपल्याच जातीची प्राचीन शाखा मानावी. बांधाकडे पाहावें तर ही कवटी जुनी, माथ्याकडे पाहावें तर नवी. बहुधा ती स्त्रीची आहे, असें दोन्ही पक्षांस वाटतें. स्त्रीच्या कपाळावर एवढा बांध, तर तिच्या भावाबापांच्या कपाळावर केवढा असेल! तिचें वय कोणी पांच लक्ष वर्षांच्या जवळ नेतो, कोणी दोन लक्षांच्या आंत आणतो. मतभेद आहेत, पण येथें एक गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. किंगसाहेबांप्रमाणें तिचे विचार कोणत्या पातळीवर होते हें सांगण्यास दोन्ही पक्षांतील कोणीच धजला नाहीं.

मग हा बांध होता तरी कशासाठीं? दीर्घ काळ असें शिकविलें गेलें कीं, कठीण पदार्थ चावतांना जबड्याचा जो ताण चेहऱ्यावर येतो तो झेलण्यासाठीं निसर्गानें डोळ्यांवर ही तुळई बसविली. दिसावयास हें पटतें. परंतु हायलँडर व त्यांचे सहकारी यांनीं माकडांच्या हाडांवर सूक्ष्म ताणमापकें चिकटवून, तीं चावीत असतांना मापें घेतलीं, तेव्हां जबड्याच्या व गालाच्या हाडावर ताण पुष्कळ पण भुंवईच्या हाडावर अगदींच अल्प आढळला. इमारतीचा भार जेथें येत नाहीं तेथें कोणी तुळई घालीत नाहीं. दुसरें मत असें कीं, प्राचीन मानवाचा चेहरा मेंदूच्या पुढें आलेला असल्यामुळें डोळ्यांच्या खोबणी व मेंदूची पेटी यांच्यामध्यें अंतर पडे. तें झांकणारें छप्पर म्हणजे बांध. आपला चेहरा मेंदूच्या खालीं सरकला, छपराची गरज उरली नाहीं, आणि उभें कपाळ आलें. ओरांगउटांगाचें कोडेंहि यानें सुटण्यासारखें आहे, कारण त्याच्या चेहऱ्याची कवटीशीं मांडणीच निराळी.

एका अमेरिकन मानवशास्त्रज्ञाची, ग्रोव्हर क्रँट्झ यांची, याविषयींची कसोटी सर्वांहून न्यारी होती. त्यांनीं होमो इरेक्टसच्या बांधाची प्रतिकृति करून ती कांहीं महिने स्वतःच्या कपाळावर बांधून पाहिली. लांब केंस डोळ्यांवर येत नाहींत, ऊन टळतें, आणि रात्रीं वाटेंत भेटणारे लोक दचकतात, असे लाभ त्यांस आढळले. या प्रयोगास हंसूं येतें खरें, पण तिसरा लाभ अगदींच टाकाऊ नाहीं, असें पुढें दिसून आलें.

आफ्रिकेंतील काबवे येथें, आतांच्या झांबिया देशांत, १९२१ सालीं खाणींत सांपडलेल्या कवटीचा बांध सर्व ज्ञात कवट्यांत अत्यंत भव्य आहे. २०१८ सालीं यॉर्क येथील गोदिन्यू, स्पिकिन्स व ओहिगिन्स यांनीं त्या कवटीची प्रतिमा गणकयंत्रावर उभी केली, बांध क्रमाक्रमानें तासून कमी केला, आणि दर वेळीं चावण्याचा जोर लावून पाहिला. बांध असो वा नसो, ताणांत म्हणण्यासारखा फरक पडेना. शिवाय छपरासाठीं लागावा त्याहून तो कितीतरी मोठा होता. तेव्हां त्यांनीं असें अनुमान बांधिलें कीं, हरणाच्या शिंगांप्रमाणें हा बांध पाहणारावर छाप पाडण्यासाठीं असावा. आणि तो गेल्यावर मोकळ्या झालेल्या कपाळावर भुंवया हलूं लागल्या व धाकाऐवजीं आश्चर्य, ओळख, करुणा, संशय हे सूक्ष्म भाव चेहरा बोलूं लागला. पहिला भाग बराचसा मापांवर उभा आहे. दुसरा सुंदर आहे, पण सुंदर असल्यामुळेंच त्याच्याशीं जरा जपून वागावें असें आम्हांस वाटतें. माकडेंहि धमकावतांना कपाळाची कातडी मागें ओढून भुंवया वर नेतात. तथापि आपल्या भाषेंत भुंवई चढते, उडते, उंचावते, आक्रसते आणि भ्रुकुटि तर कैलासावरच्या देवांसहि सुटत नाहीं. हा सारा व्यवहार जाड बांधाखालीं कितपत चालला असता याची शंका येते. जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर कोरलेलें कीर्तिमुख पाहावें. पाथरवटास भीति दाखवावयाची होती, तेव्हां त्यानें डोळ्यांवर जाड वळी दिली. त्यानें काबवेची कवटी पाहिलेली नव्हती.

बांध नक्की केव्हां ओसरला, याचेंहि एकच उत्तर नाहीं. मोरोक्कोंतील जेबेल इर्हूद येथें तीन लक्ष वर्षांपूर्वींचीं जीं माणसें मिळालीं, त्यांचा चेहरा जवळजवळ आपला, पण भुंवई अजून जाड. २०१४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं प्राचीन व अर्वाचीन मिळून चौदाशेंवर कवट्या मोजून, गेल्या ऐंशी हजार वर्षांत बांध कमी होत गेल्याचें दाखविलें व त्याचा संबंध माणसांच्या वाढत्या सहनशीलतेशीं जोडला. माप खरें असावें. सहनशीलतेविषयीं मात्र, विसाव्या शतकाचा इतिहास शिकविणारास, थोडें थांबावेंसें वाटतें.

नर्मदेच्या त्या स्त्रीचें नातें कोणाशीं, हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत नव्यानें जागा झाला आहे. चीनमध्यें हार्बिन येथील एक अत्यंत जाड बांधाची कवटी, जी १९३३ सालीं एका मजुरास मिळाली व त्यानें जपान्यांच्या भीतीनें विहिरींत लपवून ठेवली अशी हकीकत आहे, ती २०२१ सालीं जगापुढें आली. तिला निराळ्या जातीचें नांवहि मिळालें. २०२५ सालीं तिच्या दांतावरील किटणांतून आनुवंशिक द्रव्य निघालें, आणि ती डेनिसोव्हन नांवाच्या लोकांपैकीं ठरली. या लोकांचा शोध २०१० सालीं सैबेरियांतील एका बोटाच्या हाडावरून लागला होता, व त्यांचाहि अल्पसा अंश भारतीयांच्या रक्तांत आहे. बांधावरून जें ठरत नव्हतें तें दांतावरच्या मळानें ठरविलें. हथनोऱ्याच्या कवटीस दांतच नाहींत. ती मिळाली त्या थराचें खोदकाम पुढेंहि झालें. गळ्याजवळचीं कांहीं हाडें निघालीं, चेहरा निघाला नाहीं.